चिंगे, दूध!

४ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशीलच. फोनवर आपण दोघं "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढंच बोलतो, आणि मग तू म्हणतेस, "ठेवते रे दादा, पोरं पाण्यात उतरली." शिवाय दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. चष्मे पुसून पुसून काचा झिजवण्यापेक्षा पेन झिजवलेलं बरं.

आधी बातमी. चौकडी आपल्या गावात येतेय! गाणारी बाई, बेसवाला लांब्या, मुलाखतीत कधी तोंड न उघडणारा गिटारवाला मुका आणि तो धटिंगण ड्रमवाला, चौघंही, सायकल शर्यतींच्या मैदानात, जूनच्या पहिल्या शनिवारी. सगळं जग पालथं घातलं त्यांनी, पण आपल्याकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिकिटाच्या रांगेत पुढे टक्कल, मागे टक्कल आणि मधे मी. तुझी वहिनी म्हणाली, "म्हातारचळ लागलाय." म्हटलं, असू दे, चळ तर आहे अजून.

आता काम. मागच्या आठवड्यात नात मांडीवर बसून म्हणाली, "आजोबा, तुमची आई तुम्हाला कशी हाक मारायची?" मी ऐटीत तोंड उघडलं तर माझाच घोगरा आवाज बाहेर पडला. परत करून बघितलं, परत तेच. आईला जाऊन पंधरा वर्षं झाली. चेहरा दिसतो, हात दिसतात, कपाळावरची आठीसुद्धा दिसते, आवाज येत नाही. चिंगे, मला माझ्या आईचा आवाज आठवत नाहीये. हे दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुला सांगतोय. कॅमेरा दिसला की ती तोंड मिटून उभी राहायची, आणि माझ्या लग्नाच्या चित्रीकरणावर त्या शहाण्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत बाजा घातलाय.

तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे. चौकडीच्या "वीज गेली" या गाण्याच्या बरोबर मधोमध.

तू तेव्हा मावशीकडे, म्हणजे आमच्याकडे, शाळेला होतीस. जहाजावरच्या कुणाच्या तरी भावाने ती तबकडी आणलेली, आणि मला एका दुपारपुरती मिळाली. मी प्लेअरच्या स्पीकरसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, खिडक्या लावल्या, घड्याळ रजईत गुंडाळलं. घरात सगळ्यांना शिंकायची बंदी. तुला आईने दुधापाशी उभं केलं होतं. आणि तू पलंगाखाली येऊन लपलीस. गाणं जोरात वाजत होतं, आणि मधे ती जागा आली, जिथे चौघंही एकदम थांबतात, खरंच वीज गेल्यासारखे, एक मोठा श्वास घेऊन सोडावा इतका वेळ. त्या शांततेत आईला स्वयंपाकघरातून दुधाची चरचर ऐकू आली आणि ती ओरडली, "चिंगे, दूध!" लगेच ड्रम सुरू. तबकडी संध्याकाळी परत गेली. आईची हाक कॅसेटवर राहिली ती राहिलीच.

मूळ कॅसेट मी इतकी जपली, इतकी जपली की डब्यात तिला बुरशी लागली. दुरुस्तीवाल्याने ती चिमटीत धरून परत दिली. पण तू पुढे शिकायला गेलीस तेव्हा थेट तिच्यावरूनच मी तुला एक नक्कल करून दिली होती. ती शोध आणि पाठव. एवढं एक काम कर माझं.

तुझा,
भिंगदादा


२० मार्च

प्रिय भिंगदादास,
सा. न.

पहिलं म्हणजे मी पलंगाखाली नव्हते, दारामागे होते. पलंगाखाली तुझी ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत काय होतं ते मी वहिनीला सांगितलेलं नाही, तेव्हा जपून बोल.

दुसरं, दूध माझ्यामुळे उतू गेलं नाही, त्या बाईमुळे गेलं. मी पातेल्याकडे बघत होते रे! पण तिने ते सुरुवातीचं "वीज गेली तर जाऊ दे, तू जाऊ नकोस" म्हटलं आणि माझे पाय आपोआप निघाले. तोवर मी कुठल्या बाईला इतक्या मोठ्याने, इतकं न घाबरता काही म्हणताना ऐकलंच नव्हतं. आमच्या घरी बायका बोलायच्या त्या भिंतीशी बोलल्यासारख्या. मावशी तेवढी ओरडायची, आणि मग ही बाई.

तुला एक सांगू? मला पाण्याची भीती वाटायची. इथे आल्यावर वसतिगृहामागे तलाव होता, त्याच्या काठावर मी नुसती उभी राहायचे. एक दिवस मनात ते गाणं सुरू केलं आणि ठरवलं, मधली शांतता आली की उडी. शांतता आली, मी उडी मारली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर आले तेव्हा डोक्यात ड्रम सुरू झालेले होते. आज मी पोहायला शिकवते ती त्या उडीमुळे. पोरांना म्हणते, घाबरून काठावर उभं राहिलात तरी चालेल, फक्त गाणं मधे सोडू नका. त्यांना काही कळत नाही, पण उड्या मारतात.

इकडे पोहण्याच्या तलावाच्या फरश्या बदलताहेत, सगळीकडे चिखल. धाकटीचा निकाल लागला, बरी पास झाली. ह्यांचे गुडघे तसेच. चौकडी जूनअखेर आमच्याकडेही येतेय, मी तिकीट काढलंय. कॅसेट असेल घरात कुठेतरी. माळ्यावर खोकी आहेत, सवडीने बघते.

तुझी,
चिंगी


१६ एप्रिल

चि. चिंगीस,

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय गेली नाही. तुझ्या पत्रात फरश्या आल्या, गुडघे आले, निकाल आला, कॅसेट तेवढी माळ्यावर राहिली. माळा म्हणजे काय हिमालय आहे?

तुझ्या भरवशावर किती बसायचं, म्हणून मी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला. "चौकडीची जुनी कॅसेट हवी. 'चिंगे, दूध!' असलेलीच." तुझी वहिनी म्हणाली, लोक हसतील. लोक हसले नाहीत गं, लोक आले!

पहिली आली ती हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टरीण. मी चष्म्याचा नंबर काढायला लागलो तर म्हणाली, "डोळे ठीक आहेत हो, तो कागद कुणी लावला?" ऑपरेशन संपून पेशंट शुद्धीवर यायची वेळ झाली की ती म्हणे मनातल्या मनात म्हणते, "चिंगे, दूध!" आजवर सगळे जागे झाले. मग बसचा ड्रायव्हर. त्याच्या कुत्रीचं नाव चिंगी. आधीच्या कुत्रीचंही चिंगी होतं, आणि त्याआधीच्या कुत्र्याचंसुद्धा. मग मुख्याध्यापकीणबाई, आता निवृत्त. ह्यांनी पहिल्या पगारातून चौकडीची खरी तबकडी विकत घेतली, घरी नेऊन लावली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी कडकडून भांडून परत केली. का? तर "माल खराब आहे, मधलं 'चिंगे, दूध!' कापलंय!" आणि दुकानदार चौकडीचाच भक्त, त्याने मुकाट्याने बदलून दुसरी दिली.

गावातल्या सगळ्या कॅसेटी माझ्या कॅसेटवरून झालेल्या. एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यामुळे अख्ख्या गावाला वाटतं की ते गाण्यातच आहे. चिंगी म्हणजे बाईची लहानपणी हरवलेली बहीण, असंही एक मत आहे. मी सांगितलं की चिंगी माझी मावसबहीण आहे आणि हाक माझ्या आईची आहे. ड्रायव्हर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आवड असावी, पण इतकं मोठेपण घेऊ नये."

आता रोज संध्याकाळी ही मंडळी दुकानात जमतात. मला वाटायचं, तरुणपणाचं वेड तरुणपणी संपतं. यांचं संपलेलं नाही. डॉक्टरीणबाईंना घरचे बोहल्यावर चढवायला निघाले होते, त्यांनी "वीज गेली" ऐकत रात्रीचा दिवस केला आणि परीक्षा दिली. मुख्याध्यापकीणबाई शाळेत कुणाला पट्टीने मारू द्यायच्या नाहीत, कारण बाईचं एक गाणं. ड्रायव्हर म्हणतो, मी दारू सोडली ती बायकोमुळे नाही, ड्रमवाल्यामुळे. त्याने सोडली, म्हणून मीही सोडली. ही माणसं कधी एकमेकांना भेटली नव्हती, पण बोलायला लागली की एका घरात वाढल्यासारखी बोलतात. आणि दुकानात शिरताना सगळी दारातूनच ओरडतात, "चिंगे, दूध!" एकाच चालीत, पढवलेल्या पोपटांसारखी. गिऱ्हाईकं दचकतात.

पण कॅसेटी ऐकल्या, सगळ्या ऐकल्या. नकलेची नक्कल, तिची नक्कल. खरखरीतून डास गुणगुणावा तशी हाक येते. बाईची आहे की बाप्याची तेही कळत नाही. मी डोळे मिटून ऐकलं, परत ऐकलं. ती माझी आई वाटत नाही, चिंगे. आता फक्त तुझी उरली. कृपा कर आणि माळ्यावर चढ.

दादा


२ मे

प्रिय दादा,

कॅसेट माळ्यावर नाही. कधीच नव्हती. ती माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, आणि तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती काढून बघितली होती. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं.

मी इथे आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. वसतिगृहात मला सगळे माझ्या शाळेच्या नावाने हाक मारायचे, ते नाव ऐकून मी वळायचेसुद्धा नाही. दिवसभरात कुणी "चिंगे" म्हणायचं नाही. मग मी खोलीत येऊन कॅसेट लावायचे. आधी सगळं गाणं ऐकायचे. मग नुसती ती जागा. मागे घ्यायची, ऐकायची. मागे घ्यायची, ऐकायची. मावशी मला रागावतेय, म्हणजे मावशी आहे, असं वाटायचं. पहिलं वर्ष मी असं काढलं, आणि सोबतीला चौकडी होती म्हणून निघालं.

दादा, ती फीत बाकी सगळीकडे चांगली आहे. बाईचा आवाज स्वच्छ आहे, ड्रम स्वच्छ आहेत. फक्त तेवढीच जागा घासून घासून गुळगुळीत झालीय. तिथे आता काही ऐकू येत नाही. तू न वाजवता जपलीस ती बुरशीने गेली, मी वाजवून वाजवून घालवली. आपण दोघंही मावशीचेच, दुसरं काय.

कॅसेट सोबत पाठवतेय. तुझ्या कानांना काही लागलं तर बघ. रागावू नकोस रे, आणि रागावलास तर निदान पत्रातून रागव, गप्प बसू नकोस.

तुझी,
चिंगी


१२ मे

चि. चिंगीस,

कॅसेट पोचली. ऐकली. तिथे काही नाही.

रागावलेलो नाही. तुझ्यावर कसा रागावू? पण आता आई खरोखरच गेली असं वाटलं. पंधरा वर्षांपूर्वी जितकं वाटलं नव्हतं तितकं परवा वाटलं.

माझं तिकीट मी ड्रायव्हरला त्याच्या मुलासाठी देऊन टाकलंय. ते गाणं लागणार, ती जागा येणार, आणि तिथे काही नसणार. ते मला बसून ऐकवायचं नाही. काचेवरचा कागदही काढला.

सर्वांना आशीर्वाद.

दादा


१७ मे

दादा,

सा. न. वगैरे काही नाही. तिकीट परत घे!

तुला एक गोष्ट माहीत नाही. मावशीने मला शपथ घातली होती, पण आता ती मोडते. मावशीच्या हाकेने ती कॅसेट बिघडली म्हणून तू दोन दिवस जेवताना बोलला नव्हतास, आठवतं? आईला काय कळतं चौकडीतलं, असं तुझं तोंड. अरे, तू कॉलेजला गेलास की मावशी तुझा टेपरेकॉर्डर ओट्यावर आणून ठेवायची. "लाव गं तुझ्या त्या बयेला," म्हणायची. भांडी घासताना मान हलवायची, आणि त्या ड्रमवाल्यावर तर तिचा फार जीव. "मेला काय बडवतो," म्हणायची, पण काय कौतुकाने! आणि मधली जागा आली की हात थांबायचे. स्वतःचीच हाक ऐकून इतकी हसायची की डोळ्यांना पदर लावायची. म्हणायची, "बघ चिंगे, मीपण त्यांच्यात गायले."

तुझी आई चौकडीतली पाचवी होती, दादा, आणि पहिली चाहतीसुद्धा. ती होती तोवर ते कधी आपल्या गावात आले नाहीत, आता येताहेत. तिच्या वतीने तरी कुणी जायला नको? आवाज गेला तर गेला. तू जा, तिच्यासाठी त्या मेल्याचं बडवणं ऐकून ये.

नाही गेलास तर ट्रंकेतली गोष्ट वहिनीला कळवीन. टपाल हल्ली वेळेवर पोचतं.

चिंगी


१० जून

प्रिय चिंगे,

गेलो होतो. आणि हे पत्र चारदा सुरू करून फाडलंय, तेव्हा हे जसं होईल तसं पाठवतो.

दिलेलं तिकीट परत मागायला जीभ रेटत नव्हती. शनिवारी दुपारी ड्रायव्हरच दुकानात आला, तिकीट काउंटरवर आपटलं, म्हणाला, "पोरगा म्हणतो, म्हाताऱ्यांचा बँड आहे. माझ्या पोटी असं निपजलं! चला काका." डॉक्टरीणबाई, मुख्याध्यापकीणबाई, ड्रायव्हर आणि मी, असे चौघं निघालो. आमचीही एक चौकडीच झाली म्हण.

ऊन उतरत होतं. मैदान भरलं होतं, पायऱ्यांवरसुद्धा माणसं. मला वाटलं होतं सगळे माझ्या वयाचे असतील, पण पोरंटोरंही होती, आईबापांनी आणलेली. मग ती चौघं आली. बाई काठी टेकत आली गं. उंच स्टुलावर बसली, काठी खाली ठेवली, आणि तोंड उघडलं. चिंगे, आवाज थोडा खाली आलाय, कडेने फाटलाय, पण घाबरणं अजूनही नाही. लांब्या वाकलाय. मुक्याने एकदाही वर बघितलं नाही, पण बोटं तीच. ड्रमवाला सत्तरीचा असेल, आणि मेला काय बडवतो! हे मी आईच्या वतीने मोठ्याने म्हटलं, ड्रायव्हरने वळून बघितलं.

माणसं नुसती ऐकत नव्हती. प्रत्येक जण आपलं काहीतरी घेऊन आला होता आणि त्यांना परत देत होता, असं मला वाटलं. डॉक्टरीणबाई पहिल्या गाण्यापासून रडत होत्या आणि त्यांना त्याची लाज नव्हती. यांनी आपल्याला काय दिलं, हे मला तिथे बसून कळलं. आपण कोण आहोत हे आईबापांनी सांगितलं असेल, पण आपण काय होऊ शकतो हे या चौघांनी सांगितलं.

शेवटी "वीज गेली" लागलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. गाणं चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं. मैदानातले दिवेही घालवले. काळोख, शांत.

आणि सगळं मैदान ओरडलं, "चिंगे, दूध!"

अगं, सगळं मैदान! मला वाटलं होतं आमचे दुकानातले चार-पाच जण ओरडतील. पण पुढून, मागून, पायऱ्यांवरून, पोरंटोरंसुद्धा. आणि सगळी एकाच चालीत. "चिं" तुटका, "गे" लांबवून वर नेलेला, रागावून आणि थोडं हसून, आणि मग "दूध" खाली, भांडं ओट्यावर ठेवावं तसं. आई, चिंगे! ती आई होती. तिचा गळा त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हता, पण तिचा हेल सगळ्यांकडे होता. मी ज्यांना पोपट म्हटलं त्यांनी तो इतकी वर्षं जसाच्या तसा सांभाळला होता, आपण दोघांनी घालवला तो. आणि हेल ऐकल्याबरोबर मागोमाग गळाही आला. माझ्या कानात, अगदी स्पष्ट, पंधरा वर्षांनी. आत्ताही येतोय. मी लहान पोरासारखा रडलो, आणि ड्रायव्हरने काही न विचारता मला पाठीवर थोपटलं.

वर काय झालं ते ऐक. ड्रमवाल्याचा हात हवेतच राहिला. दिवे आले तर बाई तोंड उघडं टाकून बसलेली. तिने विचारलं, "हे काय होतं?" सगळे नुसते हसत होते. तेव्हा बाई म्हणाली, "जे काय होतं ते परत करा." आणि त्यांनी परत ती जागा आणली, परत दिवे घालवले. दुसऱ्या वेळेला मी डोळे मिटून, तयारीत होतो. नंतर ती माइकमध्ये म्हणाली, "ही चिंगी कोण आहे?" हजार उत्तरं आली, सगळी चुकीची. मला खरं ठाऊक होतं, पण मी रुमालात तोंड खुपसून बसलो होतो. बाई हसून म्हणाली, "असेल तिथे असो, पण बाई, ओ तरी दे!"

ओ द्यायला तू नव्हतीस. एवढंच एक राहून गेलं.

नातीला त्याच दिवशी घरी जाऊन आईची हाक करून दाखवली. तिला जमली. आता दिवसभर तेच चालू आहे, तुझी वहिनी दोनदा स्वयंपाकघरात धावत जाऊन आली.

तुझा,
दादा


१ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र मी तलावाच्या काठावर उभ्याने वाचलं आणि पोरांना म्हटलं, आज शिकवणं बंद, नुसतं डुंबा.

काल आमच्याकडे चौकडी झाली. ह्यांना गुडघ्यांसकट नेलं. इथे कुणाला आपली कॅसेट माहीत नाही. तू लिहिलंस त्यावरून मी ठरवलं होतं की ती जागा आली की आपण ओरडायचं, एकटीने तर एकटीने. लोक वेडी म्हणतील, म्हणोत.

बाईने गाणं सुरू केलं. "वीज गेली तर जाऊ दे" आलं, आणि माझे पाय तेव्हासारखेच हलले, मी जागेवरून उठून पुढे कठड्यापाशी गेले. गाणं थांबलं. दिवे गेले. इतकी माणसं आणि कुणीही काही बोलेना. मी तोंड उघडलं. मला "चिंगे, दूध" म्हणायचं होतं रे. पण त्या शांततेत मला ते आधीच ऐकू आलं, तू लिहिलंस तसंच, "गे" वर आणि "दूध" खाली. आणि माझ्या तोंडातून निघालं, "आले गं मावशी!"

तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. सगळीकडे गेला.

ड्रम सुरू झालेच नाहीत. काळोखातच वरून बाईचा आवाज आला. हसत होती. म्हणाली, "आलीस का? किती गं उशीर!"

आणि मग ड्रमवाल्याने जे बडवलं, दादा, मावशीने पदर डोळ्यांना लावला असता.

घरी येताना हे विचारत होते, काय झालं, ती तुला कशी ओळखते. मी म्हटलं, आमची जुनी ओळख आहे. सकाळी तलावावर गेले आणि एका पोराला खोल पाण्यातून हाकारलं, आणि स्वतःचीच हाक ऐकून थांबले. नाव तोडून, शेवट लांबवून वर, आणि मग खाली. मी इतकी वर्षं याच हेलात ओरडतेय, आणि मला पत्ता नाही. इथल्या निम्म्या गावाला मी पोहायला शिकवलंय. ती पोरं आता आपल्या पोरांना कशी हाका मारत असतील ते तूच समज.

तू ये. नातीला घेऊन ये, वहिनीलाही आण, ट्रंकेबद्दल मी काही बोलणार नाही. आलास की दूध तापत ठेवते. मी गाणं लावीन आणि दारामागे जाऊन उभी राहीन. दुधावर लक्ष या वेळी तू ठेवायचंस.

तुझी,
चिंगी